पावण्यांची अळणी बिस्किटं

बाई, आज तुमच्या घरावरून गेले. जायचं काही कारण नव्हतं. माझी बस पुढच्या थांब्यावर मिळते आणि मंडई उलट्या दिशेला आहे, तरी पाय तुमच्याच बोळात वळले. फाटकाला नवा हिरवा रंग दिलाय, भडक, तुम्ही असता तर देऊ दिला नसता. व्हरांड्याची जाळी तीच. पण खिडकीत एक मोठी काचेची बरणी ठेवली आहे, तिच्यात चपटी तपकिरी बिस्किटं, आणि बरणीवर कागद चिकटवलाय, ‘कुत्र्यांसाठी’. रस्त्यात उभी राहून मी तो एकच शब्द पुन्हापुन्हा वाचत होते, मागून सायकलवाला ओरडला तेव्हा बाजूला झाले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. पण बरणी बघून मला जे झालं ते तुमच्या आठवणीनं नव्हे, हे आधीच सांगून टाकते. ते जळणं होतं. तुमच्या वर्गात येत होते तेव्हाचंच, अगदी ताजं. माणसाचे केस पिकतात, गुडघे धरतात, आणि हे मेलं जसंच्या तसं राहतं.

तुमच्या केक-बिस्किटांच्या वर्गाला मला आईनं घातलं ते मॅट्रिकनंतर. घालताना तिनं तुम्हाला दहा वेळा विचारलं होतं, अंडं नाही ना, अंडं नाही ना. तुम्ही तिला बसवलंत, चहा दिलात आणि म्हणालात, तुमच्या पोरीला बिनअंड्याचा केक असा शिकवते की अंड्याला लाज वाटेल. आईला तुमचं ते बोलणं जरा मोकाट वाटलं, पण तिनं होकार दिला. मागच्या व्हरांड्यात लांब टेबल, त्यावर तुमचा तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काचेची इवलीशी खिडकी. आम्ही पोरी त्या खिडकीला नाक लावून उभ्या राहायचो आणि तुम्ही मागून ओरडायचात, अगं फुगतोय तो, पळून न्हाय जात. एरवी तुमची भाषा शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध, पण चिडलात किंवा खूश झालात की ‘नाही’चं ‘न्हाय’ व्हायचं. मी त्या ‘न्हाय’ची वाट बघत असायचे.

माझी नानकटाई पहिल्यांदा न तडकता निघाली तेव्हा तुम्ही ती उचलून सगळ्यांना दाखवलीत. माझ्याकडे न बघताच म्हणालात की हिचा हात हलका आहे. बस, एवढंच. ते वाक्य मी घरी नेलं आणि कित्येक रात्री उशाशी घेऊन झोपले. आमच्या घरात कौतुकाची पद्धत नव्हती. आई नैवेद्याचा स्वयंपाक करायची, आणि देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही हा नियम, त्यामुळे मीठ किती, गूळ किती हे तिला वासावरून कळायचं. मलाही तिनं तसंच शिकवलं होतं. चमचा तोंडाला लावला की ते उष्टं झालं, संपलं. तुमच्या वर्गातही मी कधी काही चाखलं नाही, तरी माझं कधी बिघडलं नाही, आणि याचा मला केवढा तोरा होता. तुम्हाला तो दिसत असणार.

आणि तुमचा कुत्रा. त्याला तुम्ही नाव ठेवलं नव्हतं. एका दुपारी तो रस्त्यावरून आला, फाटकातून आत शिरला आणि व्हरांड्यात आपल्याच घरासारखा पसरला. तुम्ही दारात येऊन विचारलंत, काय पावणं, कुठल्या गावचं? तेव्हापासून तो पावणं. पावणं उठले, पावणं रुसले, पावण्यांना पाणी द्या गं. आमच्या गल्लीत कुत्र्याला मिळायचं ते पत्रावळीतलं, ताटात उरलेलं, शिळं. तुमच्याकडे त्याची स्वतःची थाळी होती आणि तिच्यात कुणाचं उष्टं कधी पडलं नाही. तुमचे वडील संस्थानच्या शिकारखान्यात कुत्र्यांच्या देखरेखीला होते, आणि तिथं आधी कुत्र्यांच्या भाकऱ्या भाजल्या जायच्या, मग माणसांच्या, हे तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलंत की आम्ही पोरी तुमच्या पाठीमागे ओठ हलवून तेच म्हणायचो. खरं सांगू, मला तेव्हा कुत्र्याचाही राग यायचा. केकच्या कडा कापल्या की पहिली कड त्याला. मी शेजारी उभी असायचे.

मग ती आली, हुपरीची. वर्ग निम्मा झाल्यावर आली, एसटीनं, आत्याकडे राहायला म्हणून, आणि दारातूनच मोठ्यानं विचारलं, हितंच केक शिकवत्यात काय? घरी त्यांचं चांदीचं काम, पैंजणांच्या कड्या जोडायचं. लहानपणापासून चटके खाऊन तिची बोटं अशी झालेली की ओव्हनमधला ट्रे ती फडक्याशिवाय बाहेर काढायची. पहिल्याच दिवशी तुम्ही तिचा हात हातात घेतलात, उलटा केलात, बोटांवरचे काळे डाग अंगठ्यानं दाबून बघितलेत, आणि विचारलंत, दुखतंय काय गं? ती हसली, म्हणाली, कवाच न्हाय. माझा हात तुम्ही कधी धरला नव्हता. हलका असून काय उपयोग.

आणि तिचं ते चाखणं. कच्चं पीठ बोटानं चाटायची, साखर-तूप फेसताना चाटायची, भाजलेलं तर सोडाच. तोच हात परत पातेल्यात. मला मळमळायचं. मी एकदा तुम्हाला हळूच म्हटलंही, बाई, ती उष्टं करते. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, हां. नुसतं हां. त्या हांचा अर्थ मी घरी जाऊन कितीतरी लावून बघितला.

त्याच हिवाळ्यात पावण्यांनी अंथरूण धरलं. वर्षानुवर्षं केकच्या कडा खाऊन ते फुगले होते, दात किडले होते, अंगाला खाज सुटून पाठीवरचे केस गेले होते, फाटकापर्यंत चाललं तरी धाप लागायची. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी तुमच्यासमोर स्पष्ट सांगितलं की साखर, मैदा, मीठ सगळं बंद, नाहीतर हा पुढचा उन्हाळा बघणार नाही. तुम्ही भाकरी कुस्करून दिलीत, दूधभात दिलात, पावण्यांनी थाळीकडे पाठ फिरवली. तोंडाला गोडाची चटक लागलेली. त्या दिवशी वर्गात तुम्ही काही शिकवलंच नाहीत. टेबलाशी बसून राहिलात, आणि मग म्हणालात की याला मीच मारायला घातलाय.

पुढच्या वेळी आम्ही आलो तर तुम्ही पुन्हा पहिल्यासारख्या. पदर खोचलेला, आवाज चढा. तुमची बोटं तेव्हा आखडायला लागली होती, पीठ मळताना मधेच थांबून हात झटकायचात, हे आम्हाला दिसत होतं. तुम्ही सांगितलंत की सुट्टीचा मोठा वर्ग आता एकटीनं होणार नाही, शेजारी उभी राहणारी एक पोरगी हवी, कायमची, जी पुढं हे सगळं सांभाळेल. आणि मग निम्म्या चेष्टेत, निम्म्या खऱ्यात म्हणालात, “जिची बिस्किटं पावणं खातील, ती माझी. अळणी करा, कडक करा, पोटाला सोसंल असं करा. बघू कुणाचा हात चालतोय.”

बाकीच्या पोरी हसल्या. त्यांची लग्नं ठरत होती, त्यांना कुठं कायमचं उभं राहायचं होतं. मी हसले नाही. मला ते हवं होतं, बाई. मला ती जागा इतकी हवी होती की त्या रात्री जेवण गेलं नाही. वर्गात माझ्या पासंगाला पुरणारी कुणी नव्हती, आणि ती हुपरीची तर कालची पोर, तिला नानकटाई अजून गोल वळता येत नव्हती. जागा माझीच होती. मधे होता तो एक म्हातारा कुत्रा.

मी काय नाही केलं. नाचणी भाजून दळली. गव्हाचा कोंडा चाळून घेतला. लाल भोपळा वाफवून, गाळून, त्यात मळला, वरून तुपाचा एक थेंब. शंकरपाळ्यांसारखी कापून मंद आचेवर भाजली, प्रत्येक कड सारखी. तुम्ही ट्रे बघितलात आणि म्हणालात, देखणी झाल्यात. मी ती थाळीत मांडली. पावणं आले, हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि जाऊन झोपले. पुढच्या खेपेला ज्वारी आणि गाजर. त्यांनी एक उचललं, व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि तिथं जपून ठेवून दिलं, जणू माझं मन राखायला. त्यानंतर शेंगदाण्याचं कूट घालून. तेही नाही. मी रस्त्यानं रडत घरी गेले. एका कुत्र्यानं मला नापास केलं होतं आणि हे मी कुणाला सांगणार?

आणि मग तिचा दिवस आला. येताना तिनं आत्याकडून झाकणाचा डबा आणला होता, त्यात कसलंसं पाणी. मी म्हटलं डाळीचं वरचं असेल. तिनं ज्वारीचं पीठ घेतलं, त्यात ते पाणी ओतलं, मळलं, बोट चाटलं, अजून थोडं ओतलं, पुन्हा चाटलं. बिस्किटं कसली, वाकडेतिकडे थापटे. भाजताना ओव्हनमधून असा वास सुटला की पावणं झोपेतून उठले, स्वतःच्या पायांनी, आणि टेबलाखाली येऊन बसले. तिनं एक थापटा फुंकून गार केला, आधी स्वतः कडाकडा चावून निम्मा खाल्ला आणि उरलेला निम्मा, तिच्या दातांच्या खुणा असलेला, त्यांच्यापुढं धरला. ज्या कुत्र्याच्या थाळीत तुम्ही कधी उष्टं पडू दिलं नाहीत, त्यानं ते तिच्या हातातून घेतलं, खाल्लं, आणि आणखी मागितलं.

तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी बघितलं आणि मला बरं वाटायला हवं होतं, जीव वाचणार होता त्याचा. मला बरं वाटलं नाही. मी विचारलं त्या डब्यात काय होतं. ती म्हणाली, “अळणी की. बाईंनीच सांगितलं न्हवं का, अळणी करा.”

माझ्या डोक्यात काही शिरेना. आमच्या घरात अळणी म्हणजे मीठ नसलेलं. मीठ घालायचं राहिलं की वडील म्हणायचे, आज भाजी अळणी आहे. तीन खेपा मी बिनमिठाचं करून थकले होते आणि मला वाटत होतं मी तुमचं म्हणणं अक्षरन् अक्षर पाळते आहे. आणि तुमच्याकडे, तिच्याकडे, तिथं उभ्या निम्म्या पोरींकडे अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, मसाला पडायच्या आधीचं, पोरांना आणि आजाऱ्याला वाटीतून देतात ते. तिच्या आत्यानं ते त्याच्यासाठी मुद्दाम नुसतं उकळून दिलं होतं, कांदा न घालता, मीठ न घालता. सगळ्या हसायला लागल्या. माझ्यावर नव्हे, त्या शब्दाच्या गमतीवर, पण मला कुठं कळतंय तेव्हा. मी म्हटलं, बाई, हे बरोबर नाही, तिनं मटण वापरलं, मला हे कसं माहीत असणार, तुम्ही नीट सांगायला हवं होतं. मी ओरडत होते. तुमच्यापुढं मी तेव्हाच एकदा ओरडले.

तुम्ही शांतपणे विचारलंत, “तू तुझं चाखलं होतंस काय?”

मी म्हणाले, “कुत्र्याचं कोण चाखतं?”

तुम्ही मला रागावला असतात तर मी तेवढ्यावर राहिले असते. रागावला नाहीत. म्हणालात, “मग त्यानं तरी का खावं गं.” आणि हात पुढं करून तिच्या हातातला दुसरा थापटा घेतलात, तिचा चावा लागलेला, आणि माझ्याकडे बघत तोंडात टाकलात. ती हसत होती, तुम्ही चावत होता, खाली पावणं शेपटी आपटत होते. तिघं. तो घास मला आजही दिसतो. मार परवडला असता.

मी वर्ग लगेच सोडला नाही, तेवढा स्वाभिमान मला होता. सुट्टीच्या वर्गाला ती तुमच्या शेजारी उभी आणि मी पुढच्या रांगेत, माझे केक सगळ्यांत चांगले, आणि तुम्ही ते दाखवतही होता, मनापासून. पण शेजारी ती. पुढं माझं लग्न ठरलं. तुम्ही आलात, मला जवळ घेतलंत, पहिल्यांदाच, आणि हातात चांदीचा कुंकवाचा करंडा ठेवलात. इतका सुबक की सासरची माणसंही बघत राहिली. मी विचारलं कुठून घेतलात. तर हुपरीहून, तिच्या वडिलांनी मुद्दाम घडवून दिलेला. म्हणजे मला दिलेली भेटसुद्धा तिच्या घरून यायची होती. अजून वापरते मी तो. रोज सकाळी उघडते आणि रोज सकाळी थोडी जळते, आंघोळ झाल्याझाल्या.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी माहेरीच होते, म्हणून भेटायला आले. व्हरांड्यात सतरंजी, बायका बसलेल्या, आणि मधे ती. तुमच्या भावजया बाजूलाच, सगळ्या तिला भेटत होत्या, तिचे हात धरत होत्या, तिला सांगत होत्या की बाईंचं तू फार केलंस. पावणं तिच्या पावलांवर हनुवटी टेकून पडलेले, म्हातारे, आंधळट, पण अंगावर केस परत आलेले. डॉक्टरांनी सांगितलेला तो उन्हाळा त्यांनी बघितला होता आणि पुढचेही बघितले, तुम्हालाही मागं टाकलं. रांगेत माझी पाळी आली. तुमच्यासाठी मला तिचं सांत्वन करावं लागलं, बाई. मी काय बोलले ते आठवत नाही. ती म्हणाली, रडू नका वैनी. मला वैनी म्हणाली. कुणाच्या तरी घरची वैनी, भेटायला आलेली.

आज ती खिडकीतून बाहेर वाकली आणि विचारलं, काय पायजे ताई? पांढरे केस, तुमच्यासारखाच चष्मा, गळ्यातल्या दोरीसकट. मला ओळखलं नाही. मी जाड झालेय, चष्मा आलाय, ते ठीक आहे. पण मी तिला आयुष्यभर एकाही दिवशी विसरले नाही आणि तिला माझा चेहरासुद्धा नाही? आतून पोरींचे आवाज येत होते, ओव्हनमधून वास येत होता. मी बरणीकडे बोट दाखवलं. मग तिच्या चौकशा सुरू झाल्या, तुमच्याच तऱ्हेनं. कुत्रं केवढं हाय? मी हातानं दाखवलं, मध्यम. म्हातारं हाय की पिल्लू? म्हटलं, मधल्या वयाचं. दात हाईत काय सगळं? एक दाढ पडलीय, म्हटलं. खायाला कुरकुर करतंय? हो, म्हटलं, फार, आणि एकलकोंडं आहे. तिला दया आली. कागदाची पुडी बांधताना ती म्हणाली, “नुसतं पुढ्यात टाकू नका, न्हाय खायाचं. आदी तुम्ही निम्मं खावा, मग निम्मं त्याला द्या. आमच्या बाई तसंच द्यायच्या.”

आमच्या बाई. तुम्ही तसं देत नव्हता. ती द्यायची. तुम्ही तिच्याकडून शिकलात, आणि ती म्हणते तुमच्याकडून शिकली, आणि जे खरं आहे ते जिला माहीत आहे ती रस्त्यात पुडी धरून उभी. तिनं बरणीतून एक काढलं, मोडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं माझ्यापुढं धरलं, बघा की, माणसानं खावं असंच हाय. मी म्हटलं, घरी जाऊन बघते.

हे सगळं लिहून झालं तेव्हा वाटलं, टाकावं पत्र. पण पत्ता तोच आहे आणि पोस्टमन आला की दार ती उघडते. ती फोडणार, आणि पोरींसमोर मोठ्यानं वाचणार, ती सगळं मोठ्यानंच करते. वाचून वाईटही वाटेल तिला, उद्या पुडी घेऊन माझ्या दारात येईल, आणि ते मला सोसायचं नाही. तेव्हा हे इथंच राहू दे, बाई. घरात कुत्रा नाही. कधीच नव्हता. पुडी संपत आली आहे.